खाणकामगाराचा डबा

स्मरणिका समितीने लेखांसाठी तीन विषय दिले होते: शाळेच्या आठवणी, माझा आजवरचा प्रवास आणि कोणताही माहितीपर लेख. आठवणी लिहिण्यात आपल्या वर्गातले दोघे-तिघे माझ्यापेक्षा केव्हाही सरस आहेत. माझा प्रवास दोन वाक्यांत संपतो. अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि तेव्हापासून सॉफ्टवेअर लिहिते आहे. म्हणून तिसरा विषय घेतला.

तुमच्यापैकी बहुतेकांनी नावही ऐकले नसेल अशा एका माणसाच्या कारकिर्दीचा हा छोटासा इतिहास आहे. बड फॉस्टर हे अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे बचावाचे प्रशिक्षक होते. एकाच विद्यापीठात ते सलग ३३ हंगाम राहिले. त्यांतले शेवटचे २५ हंगाम सगळा बचाव त्यांच्या हाताखाली होता. मुख्य प्रशिक्षक मात्र ते कधीच झाले नाहीत. शाळेच्या कबड्डी संघात मी डावा कोपरा सांभाळत असे, तेवढ्या बळावर बचावाविषयी चार शब्द लिहिण्याचे धाडस करते आहे.

फॉस्टर यांचे नाव माझ्यापर्यंत आले ते खेळातून नव्हे. २००७ च्या एप्रिलमध्ये मी कंपनीच्या कामासाठी व्हर्जिनिया राज्यात होते. १६ तारखेला दुपारी जेवायला उठत होतो, एवढ्यात आईचा फोन आला. तिकडे रात्र झाली होती. टीव्हीवर "व्हर्जिनिया" आणि "गोळीबार" हे दोनच शब्द तिला कळले होते. मी राहत होते तिथून ब्लॅक्सबर्ग गाव मोटारीने चार तासांवर. त्या गावातल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात सकाळी एका विद्यार्थ्याने ३२ जणांना ठार मारले होते आणि शेवटी स्वतःलाही संपवले होते. मृतांमध्ये मुंबईहून शिकायला गेलेली एक मुलगी होती आणि तमिळनाडूतून जाऊन तिथे वर्षानुवर्षे शिकवणारे स्थापत्य अभियांत्रिकीचे एक प्राध्यापक होते. "तू ठीक आहेस ना" एवढे विचारून आई कितीतरी वेळ फोन न ठेवता गप्प बसली होती.

ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा सहकारी त्याच विद्यापीठाचा माजी विद्यार्थी. १ सप्टेंबरला, त्या घटनेनंतर विद्यापीठाच्या मैदानावर पहिला फुटबॉल सामना होता, ईस्ट कॅरोलायना संघाशी. त्याने आम्हा दोघी-तिघींना घरी बोलावले. सामन्याआधी ३२ फुगे आकाशात सोडले गेले. मग एका खेळाडूच्या हातात मला एक वस्तू दिसली आणि मी पुन्हा नीट पाहिले. तो जेवणाचा डबा होता. पत्र्याचा, जुना, पोचे पडलेला. सहकारी म्हणाला, "या वर्षी त्यात ३२ नावांची यादी आहे." सामना व्हर्जिनिया टेकने १७-७ असा जिंकला. त्यातले मला फारसे काही कळले नाही, पण डबा डोक्यातून गेला नाही. त्याच्यामागे कोण आहे हे शोधत गेले तेव्हा फॉस्टर यांच्यापाशी येऊन पोचले.

पुढे जाण्याआधी या खेळाविषयी थोडे सांगते. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा खेळ नव्हे. अंडाकृती चेंडू, अकरा विरुद्ध अकरा गडी. चढाई करणाऱ्या संघाला चार डावांत दहा यार्ड पुढे जायचे असते. गेले तर आणखी चार डाव मिळतात, नाही गेले तर चेंडू समोरच्याकडे जातो. चेंडू घेऊन पळता येते किंवा पुढे फेकता येतो. बचाव करणाऱ्यांना त्या क्षणापर्यंत माहीत नसते की समोरचा पळणार आहे की फेकणार. कबड्डीत चढाईपटू मध्यरेषा ओलांडतो तेव्हा तो बोनस घेणार की कोपऱ्याला हात मारणार हे जसे आपल्याला माहीत नसते, अगदी तसेच. फरक एवढाच की इथे अकरा जण एकदम अंगावर येतात.

चढाई आणि बचाव यांचे खेळाडू वेगळे असतात आणि प्रशिक्षकही वेगळे. मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली एक जण चढाईची आखणी करतो, एक बचावाची. वर्तमानपत्रांत फोटो येतो तो मुख्य प्रशिक्षकाचा, नाहीतर चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचा.

फॉस्टर यांचा जन्म २८ जुलै १९५९ चा, केंटकी राज्यातल्या सॉमरसेट गावचा. वाढले ते इलिनॉय राज्यातल्या नोकोमिस नावाच्या लहान गावात. खेळायला ते केंटकीतल्याच मरी स्टेट विद्यापीठात गेले. ही काही नामांकित संघांपैकी नव्हे, दुसऱ्या फळीतली संस्था. तिथे ते बचावात खेळले, कधी मागच्या फळीत सेफ्टी म्हणून, कधी मधल्या फळीत लाइनबॅकर म्हणून. १९७९ मध्ये त्या संघाच्या बचावाची जबाबदारी घेऊन एक तरुण प्रशिक्षक आले. त्यांचे नाव फ्रँक बीमर. दोन वर्षांत बीमर तिथलेच मुख्य प्रशिक्षक झाले आणि शिक्षण संपलेल्या फॉस्टरना त्यांनी मदतनीस म्हणून ठेवून घेतले. १९८१ साली सुरू झालेला हा सहवास बीमर निवृत्त होईपर्यंत, म्हणजे २०१५ पर्यंत टिकला.

१९८७ च्या हंगामासाठी बीमर आपल्या जुन्या विद्यापीठात, व्हर्जिनिया टेकमध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून परतले. जाताना फॉस्टरना बरोबर नेले. ती जागा तेव्हा हेवा करावी अशी नव्हती. आधीच्या काळातल्या नियमभंगामुळे विद्यापीठावर निर्बंध होते, खेळाडूंना देण्याच्या शिष्यवृत्त्या कमी केल्या होत्या. पहिल्या हंगामात अकरापैकी दोन सामने जिंकले, नऊ हरले. १९९२ साली, सहाव्या हंगामात, पुन्हा तेच झाले: दोन विजय, आठ पराभव, एक बरोबरी. त्या वर्षी हाताशी आलेले सामने शेवटच्या टप्प्यात निसटत गेले. अशा वेळी साधारणपणे मुख्य प्रशिक्षकासकट सगळ्यांना घरी पाठवतात. विद्यापीठाने बीमरना ठेवले, पण त्यांना आपल्या हाताखालच्या माणसांत बदल करावे लागले. फॉस्टर राहिले.

बदल मांडणीतही झाला. चेंडूच्या आसपास आठ गडी आणून उभे करायचे आणि मागे मोकळ्या मैदानावर फक्त तीन ठेवायचे, अशी ती मांडणी. यात धोका उघड आहे. समोरच्याने लांब चेंडू फेकला आणि मागचा एक गडी चुकला तर थेट टचडाउन. पण पळून पुढे जाणे जवळजवळ बंद होते आणि चेंडू फेकणाऱ्याला विचार करायला वेळ मिळत नाही. या रचनेचा पाया एका साध्या नियमात आहे. समोरच्या फळीतल्या दोन गड्यांमध्ये जी जागा राहते ती प्रत्येक फट बचावातल्या एकेका खेळाडूच्या नावावर असते. आपली फट सोडायची नाही. शेजारी चेंडू दिसतो म्हणून कोणी तिकडे धावला की त्याने सोडलेल्या फटीतूनच चेंडू निघून जातो. आपल्याकडे साखळी धरताना सर काय सांगायचे ते आठवा. कोपऱ्याने आधी झेप घेतली की कव्हर एकटा पडतो. नियम तोच आहे.

१९९३ मध्ये संघाने नऊ सामने जिंकले. त्या वर्षापासून हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यासाठी, ज्याला तिकडे बाउल म्हणतात, व्हर्जिनिया टेकला दरवर्षी बोलावणे येऊ लागले. फॉस्टर निवृत्त होईपर्यंत, २०१९ पर्यंत, त्यात एका वर्षाचाही खंड पडला नाही.

१९९५ मध्ये बचावाची सूत्रे फॉस्टर आणि रॉड शार्पलेस या दोघांकडे मिळून आली. डबा आला तो याच वर्षी. ब्लॅक्सबर्गच्या पश्चिमेला, डोंगरांपलीकडे, कोळशाच्या खाणींचा मुलूख सुरू होतो. तिथल्या माणसाचा दिवस पहाटे डबा घेऊन जमिनीखाली उतरण्यात सुरू होतो आणि काळवंडलेल्या तोंडाने वर येण्यात संपतो. शार्पलेस यांच्या सासूबाईंनी वेस्ट व्हर्जिनियातल्या मर्सर काउंटीतल्या एका खाणकामगाराचा जुना, गंजलेला डबा मिळवून दिला. प्रशिक्षकांनी तो बचावाच्या खेळाडूंपुढे ठेवला. सांगण्याचा मथितार्थ असा की आपण कामावर निघालेली माणसे आहोत. तेव्हापासून डबा संघाबरोबर प्रत्येक सामन्याला जाऊ लागला. बचावातला एक खेळाडू तो घेऊन मैदानावर यायचा आणि तो मान कष्टाने मिळवावा लागायचा. डब्यात त्या हंगामाची उद्दिष्टे लिहिलेला आणि खेळाडूंनी सह्या केलेला कागद असे.

आपल्याला डब्याचे अप्रूप वाटणार नाही. आपण सगळे डबा घेऊनच वाढलो. आई पहाटे उठून भाजी-पोळी करायची, बाबा दुसरा डबा घेऊन सातच्या गाडीला जायचे. ज्याच्या हातात डबा आहे तो माणूस कामाचा, हे कोणी आपल्याला शिकवावे लागले नाही. म्हणूनच मला वाटते की अमेरिकेतल्या लोकांपेक्षाही या खुणेचा अर्थ आपल्याला लवकर कळतो.

त्या १९९५ च्या हंगामाची सुरुवात वाईट झाली. पहिले दोन्ही सामने हरले. तिसरा सामना मायामीशी होता, ज्यांना व्हर्जिनिया टेकने तोवर कधीच हरवले नव्हते. तो १३-७ असा जिंकला. त्यानंतर एकही सामना हरले नाहीत. सलग दहावा विजय ३१ डिसेंबर १९९५ रोजी न्यू ऑर्लिन्सच्या शुगर बाउलमध्ये मिळाला, टेक्सस विद्यापीठाविरुद्ध, २८-१०. दुसऱ्या अर्ध्यात टेक्ससला एकही गुण मिळाला नाही आणि शेवटचा टचडाउन तर बचावातल्या जिम बॅरन या खेळाडूने सुटलेला चेंडू उचलून केला. १९९६ पासून फॉस्टर एकटे सूत्रधार झाले.

पुढच्या दशकातली आकडेवारी थोडक्यात देते. १९९९ च्या हंगामात देशभरातल्या मोठ्या संघांत सर्वात कमी गुण दिले ते व्हर्जिनिया टेकच्या बचावाने. त्या वर्षी संघ साखळीतले अकराही सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यात पोचला. ४ जानेवारी २००० रोजी फ्लोरिडा स्टेटने त्यांना ४६-२९ असे हरवले. एका टप्प्यावर २८-७ असे मागे पडून संघाने २९-२८ अशी आघाडी घेतली होती, पण अखेरच्या भागात फ्लोरिडा स्टेटने ओळीने १८ गुण केले. देशातला सर्वोत्तम बचाव त्या दिवशी पुरा पडला नाही. राष्ट्रीय विजेतेपदाच्या इतक्या जवळ फॉस्टर पुन्हा कधी गेले नाहीत.

२००५ आणि २००६ अशी सलग दोन वर्षे प्रतिस्पर्ध्याला सर्वात कमी यार्ड देण्यात त्यांचा बचाव देशात पहिला होता. २००६ मध्ये तर एका सामन्यात सरासरी ११ गुणच दिले गेले. त्या वर्षी फॉस्टर यांना ब्रॉयल्स पुरस्कार मिळाला. देशातल्या सर्वोत्तम सहायक प्रशिक्षकाला तो दिला जातो. सहायकांसाठी यापेक्षा मोठा मान नाही.

मग आले २००७. एप्रिलच्या त्या दिवसानंतर संघासमोर प्रश्न होता की खेळायचे ते कशासाठी. त्या वर्षीच्या डब्यातली नावांची यादी हे त्यांचे उत्तर होते. इथे एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण अशा कथा सांगताना ती गाळली जाते. ईस्ट कॅरोलायनाला हरवल्यावर पुढच्याच आठवड्यात लुइझियाना स्टेटने व्हर्जिनिया टेकचा ४८-७ असा धुव्वा उडवला. डबा तिथेही नेलेला होता. दुःखामुळे अंगात बळ येते वगैरे सिनेमात ठीक आहे. खरे असे झाले की पराभवानंतर सोमवारी ते पुन्हा सरावाला उतरले, आणि हंगाम संपताना अकरा विजय आणि आपल्या विभागाचे, अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचे, विजेतेपद त्यांच्याकडे होते.

एवढे यश मिळाल्यावर फॉस्टर मुख्य प्रशिक्षक का झाले नाहीत, हा प्रश्न अमेरिकेतही पुष्कळ विचारला गेला. मोठ्या विद्यापीठांत जागा रिकामी झाली की त्यांचे नाव चर्चेत येई. ते व्हर्जिनिया टेकमध्येच राहिले. बीमर यांच्या माणसांची ही एक रीतच होती. बचावातल्या पुढच्या फळीचे प्रशिक्षक चार्ली वाइल्स हेही मरी स्टेटचेच माजी खेळाडू, १९९६ पासून २०१९ पर्यंत फॉस्टर यांच्या शेजारी. त्या व्यवसायात दर दोन-तीन वर्षांनी गाव बदलणे हा नियम आहे. घर भाड्याचे, मुलांच्या शाळा बदलत्या. या लोकांनी तो नियम पाळला नाही, आणि माझ्या मते त्यांच्या बचावाचे निम्मे रहस्य इथेच आहे. नवीन आलेल्या मुलाला आपली फट कोणती हे सांगायला तिथे चार वर्षे जुना मुलगा असे, आणि त्या जुन्या मुलाला शिकवणारा माणूस तोच असे ज्याने त्याच्या आधीच्यांनाही शिकवले होते.

फॉस्टर यांना मी त्यागमूर्ती ठरवत नाही. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये पैसा प्रचंड आहे आणि नामांकित सहायक प्रशिक्षकही उत्तम कमावतात. ज्यांच्या जिवावर हा पैसा उभा राहिला त्या खेळाडूंना मात्र २०२१ पर्यंत शिष्यवृत्तीपलीकडे स्वतःच्या नावावरही कमाई करण्याची मुभा नव्हती. खाणकामगाराचा डबा मैदानावर मिरवताना खऱ्या खाणकामगाराला काय मिळाले, असेही कोणी विचारू शकेल. हे सगळे मान्य करूनही, वरची जागा दिसत असताना आपल्याला जे काम येते तेच अधिक नीट करत राहणे ही निवड दुर्मीळ आहे.

त्या निवडीतून काय निघते ते ६ सप्टेंबर २०१४ रोजी दिसले. ओहायो स्टेटच्या मैदानावर, एक लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर सामना होता. समोरचा क्वार्टरबॅक नवखा होता, पुढची फळीही नवीन. फॉस्टर यांनी आपली नेहमीची मांडणी बाजूला ठेवून एक जुनी मांडणी बाहेर काढली, जिला तिकडे "बेअर" म्हणतात. समोरच्या मधल्या तिघांच्या थेट तोंडावर एकेक गडी उभा करायचा, चेंडू पकडणाऱ्यांना बाजूला एकास एक अडवायचे आणि मागे पाठराखणीला जवळजवळ कोणी ठेवायचे नाही. क्वार्टरबॅकला सात वेळा चेंडूसकट पाडले, त्याचे तीन चेंडू मध्येच पकडले, २९ पैकी फक्त ९ फेकी यशस्वी होऊ दिल्या. व्हर्जिनिया टेक ३५-२१ असे जिंकले. ओहायो स्टेट पुढे एकही सामना हरले नाही आणि राष्ट्रीय विजेते ठरले. त्यांचा त्या वर्षीचा एकमेव पराभव हाच.

आणि व्हर्जिनिया टेक? पुढच्याच आठवड्यात घरच्या मैदानावर ईस्ट कॅरोलायनाकडून हरले. नोव्हेंबरमध्ये वेक फॉरेस्टविरुद्ध चारही भागांत त्यांच्या बचावाने एक गुणही दिला नाही, पण चढाईलाही एक गुण करता आला नाही. पूर्ण वेळेनंतर ०-०. जादा वेळेच्या दुसऱ्या फेरीत ६-३ असे हरले. ज्यांनी कोणी कधी आपले काम चोख करून निकाल मात्र दुसऱ्याच्या हाती गेलेला पाहिला आहे, त्यांना हा सामना लगेच कळेल.

२०१५ अखेर बीमर निवृत्त झाले. नवे मुख्य प्रशिक्षक जस्टिन फ्युएंटे बाहेरून आले. नवा माणूस साधारणपणे आपली सगळी माणसे आणतो, पण त्यांनी बचाव फॉस्टर यांच्याकडेच ठेवला. चार वर्षांनी, १ ऑगस्ट २०१९ रोजी, वयाची साठी पूर्ण होऊन चारच दिवस झाले असताना, फॉस्टर यांनी जाहीर केले की हा हंगाम शेवटचा.

तो हंगाम सरळ गेला नाही. सप्टेंबरच्या शेवटी ड्यूक विद्यापीठाने त्यांना घरच्या मैदानावर ४५-१० असे हरवले. निवृत्ती जाहीर करायला उशीर झाला, असे म्हणण्यासारखी ती रात्र होती. नोव्हेंबरमध्ये मात्र सलग दोन सामन्यांत प्रतिस्पर्ध्याला एकही गुण मिळाला नाही. जॉर्जिया टेकविरुद्ध ४५-० आणि २३ नोव्हेंबरला पिट्सबर्गविरुद्ध २८-०. हा दुसरा सामना लेन स्टेडियमवरचा फॉस्टर यांचा शेवटचा. कारकीर्द तिथेच संपवली असती तर गोष्ट गोळीबंद झाली असती. पण त्याच्या पुढच्याच आठवड्यात शेजारच्या व्हर्जिनिया विद्यापीठाने १६ वर्षांनी त्यांना हरवले, आणि ३१ डिसेंबरच्या शेवटच्या सामन्यात केंटकीने. जिथे जन्मले आणि जिथे खेळले त्याच राज्याचा संघ. केंटकीचे क्वार्टरबॅक जखमी असल्यामुळे त्यांनी चेंडू पकडणाऱ्या लिन बाउडेन या खेळाडूला त्या जागी खेळवले होते. सगळ्यांना माहीत होते की तो स्वतःच पळणार. तरीही तो २३३ यार्ड पळाला, आणि १५ सेकंद उरले असताना त्याने फेकलेल्या चेंडूवर निर्णायक टचडाउन झाला. ३७-३०. ज्याने आयुष्यभर फटी बुजवल्या त्याच्या शेवटच्या सामन्यात फट राहिलीच.

त्यांच्यानंतर बचावाची सूत्रे जस्टिन हॅमिल्टन यांच्याकडे गेली. तेही व्हर्जिनिया टेकचेच माजी खेळाडू.

आता हे सगळे आपल्या शाळेच्या स्मरणिकेत का, ते सांगते.

आपल्या गटावर महिनाभर सगळ्यांची खुशाली चालली होती तेव्हा मला दोघांनी विचारले, "अजून मॅनेजर नाही झालीस?" विचारण्यात वाईट काही नव्हते. मी पैशांच्या व्यवहारांच्या प्रणालीत चुका आणि फसवणूक अडवणारा भाग सांभाळते. आमचे काम नीट झाले की आमचा फोन वाजत नाही. जी चूक घडलीच नाही तिचा सत्कार कोणी करत नाही. वरची जागा मला दोनदा विचारली गेली आणि मी दोनदा नको म्हटले. पहिल्या वेळी ते बरोबरच होते. दुसऱ्या वेळेची रुखरुख अजून अधूनमधून लागते. फॉस्टर यांच्या कारकिर्दीने त्या रुखरुखीचे उत्तर दिले असे मी म्हणणार नाही. पण हातातले काम हेच पूर्ण काम असू शकते, वर जाण्याची पायरीच असायला हवी असे नाही, एवढे मला तिच्याकडे पाहून पटते.

आणि तेव्हा मला आपले खेळाचे सर आठवतात. पस्तीस वर्षांच्या नोकरीत ते पर्यवेक्षक झाले नाहीत, मुख्याध्यापक तर दूरच. दहावीला त्यांचा एकही विषय नव्हता, म्हणून सत्काराच्या पहिल्या यादीत त्यांचे नाव राहून गेले होते. मुद्दाम कोणी गाळले नव्हते, आपल्यापैकी कोणाच्या लक्षातच आले नाही, माझ्याही नाही. हा लेख लिहायला बसले तेव्हा लक्षात आले आणि समितीने ते लगेच घातले. सर रोज पहाटे मैदानावर चुन्याने रेषा आखायचे, सराव संपला की आमच्याबरोबर तिथेच बसून आपला डबा उघडायचे. एखादी पकड झाली की आम्ही नाचायला लागायचो, आणि सर ओरडायचे, "जागेवर या, पुढची चढाई सुरू झाली!"

आपल्यातले किती जण डाव्या-उजव्या कोपऱ्यावर अजून उभे आहेत हे मला ठाऊक आहे. कोणी आईवडिलांना सांभाळते आहे, कोणी गावातल्या बँकेच्या खिडकीमागे आहे, कोणी आपल्याच शाळेत शिकवते आहे. संमेलनाच्या दिवशी सर पहिल्या रांगेत असतील. त्यांना जिना चढायला आता त्रास होतो, म्हणून कार्यक्रम तळमजल्याच्या हॉलमध्ये घ्यावा अशी माझी समितीला विनंती आहे.